मेगनबाईंच्या शेजारी जायचं होतं तेव्हा

परवा सकाळी उठले तेव्हा घरात कोणीच नव्हतं. ओट्यावर झाकलेल्या डब्यात फोडणीचा भात, थर्मासमध्ये चहा, आणि दार नुसतं लोटलेलं. मी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेली, त्यातून आदल्या दिवशीच्या प्रवासाने दमलेली, म्हणून मला कोणी उठवलं नव्हतं. अंगणात आले तर अख्खी गल्ली तशीच. एका घरापुढे कोंबड्या, एका घरापुढे वाळत घातलेली गोधडी, माणूस कुठेच नाही. तलावाकडून गार वारा येत होता आणि त्याला कापलेल्या धानाचा वास होता. ओला, गोडसर, किंचित कुबट. कापणी लागली होती.

पायरीवर बसून चहा प्याले. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच पायरीवर आमच्या तीन बॅगा उघड्या पडलेल्या असायच्या.

मी परिचारिका आहे. चामोर्शीच्या एका दवाखान्यात बारा वर्षं काम केलं. रात्रपाळ्या, बाळंतपणं, पावसाळ्यात हिवतापाचे पेशंट, सर्पदंश, सगळं पाहिलं. मग एका मैत्रिणीच्या नादाने इंग्रजीची परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि ध्यानीमनी नसताना उत्तर वेल्समधल्या एका इस्पितळातून पत्र आलं. वेल्स कुठे आहे हे मी आणि माझा नवरा प्रमोद, दोघांनी मोबाइलवर शोधलं. इंग्लंडच्या डाव्या बाजूला, डोंगराळ, समुद्राला लागून. मेंढ्या खूप, असं प्रमोदने वाचून दाखवलं. आमची रिद्धी तेव्हा सात वर्षांची. ती म्हणाली, मग वाघ नसेल. नाही, वाघ नाही, असं आम्ही सांगितल्यावर तिला ते गाव जरा फिकं वाटलं.

चामोर्शीतलं भाड्याचं घर आम्ही दिवाळीआधी सोडलं. जायला अजून सहा आठवडे होते, म्हणून माझ्या बाबांकडे, या गावी राहायला आलो. चामोर्शीपासून अर्ध्या तासाचं अंतर. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात बाबा, माझा धाकटा भाऊ दिलीप आणि वहिनी. सगळे दिवसभर शेतात. बांध्यांतला, म्हणजे भाताच्या खाचरांतला धान पिवळा झाला होता, कुठे कापून आडवा पडला होता, आणि पहाटे सगळ्यावर एवढं दव असायचं की धुऱ्याच्या बांधावरून चालताना साडीचा काठ पोटरीपर्यंत भिजायचा.

मेगनबाईंचा पहिला निरोप अशाच एका सकाळी आला. मी वहिनीबरोबर पेंड्या बांधत होते, सवय गेलेली, त्यामुळे बोटांना चिरा पडलेल्या. फोन कमरेला खोचलेला. अनोळखी परदेशी नंबर पाहून मला वाटलं, झालं, काहीतरी कागद राहिला. पण निरोप साधाच होता. त्या लिहीत होत्या की तुम्ही जे घर भाड्याने घेतलं आहे त्याच्या शेजारच्या घरात मी राहते, घरमालक दूर असतो म्हणून किल्ली माझ्याकडे असते. तुम्ही कोणत्या दिवशी येणार ते कळवा, म्हणजे मी आदल्या दिवसापासून घर गरम करून ठेवीन. थंड घरात लहान मुलीला उतरवू नये.

मी तो निरोप दोनदा वाचला. मग वहिनीला वाचून दाखवला. वहिनीने कंबर सरळ केली आणि विचारलं की घर गरम करून म्हणजे शेकोटी करते का काय. ते मलाही नीट सांगता येईना. पण लहान मुलीला थंड घरात उतरवू नये हे वाक्य माझ्या मनात दिवसभर राहिलं. तोवर आम्ही व्हिसा, दाखले, लसी, विमानातल्या सामानाचं वजन याच गोष्टींत होतो. तिथे कोणी माणूस आपली वाट पाहत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी घराचा व्हिडिओ पाठवला. स्वतः किल्लीने दार उघडून आत गेल्या होत्या आणि चालता चालता बोलत होत्या. काळ्या-राखाडी दगडाचं घर, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. कॅमेरा हलायचा, मधेच त्यांचे बूट दिसायचे. हा नळ घट्ट आहे, उजवीकडे नाही, डावीकडे फिरवा. ही खिडकी पावसात उघडू नका. ही पायरी थोडी उंच आहे, मुलीला सांगून ठेवा. मागच्या दारातून डोंगर दिसत होता, त्यावर धुकं. व्हिडिओच्या शेवटी त्यांनी फोन आपल्या तोंडाकडे वळवला. सत्तरीच्या बाई, पांढरे आखूड केस, लाल गाल. पूर्वी गावच्या पोस्टात खिडकीवर बसायच्या, त्यामुळे गावातलं प्रत्येक पत्र मी हाताळलं आहे, असं हसत म्हणाल्या.

तो व्हिडिओ आमच्या गावात किती जणांनी पाहिला असेल. शेजारची बाई म्हणाली, भिंती चांगल्या हायेत, पण अंगण नाई. दुसरी म्हणाली, बुढी एकटीच राह्यते का? मी म्हटलं, हो, नवरा वारला. मग पहिली म्हणाली की मग तुमचं जाणं बरंच झालं तिच्यासाठी. तिला कोणी शेजार होईल. आपण कोणासाठी तरी तिथे चाललो आहोत, असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

आणि खरोखर, पुढे रोजच काहीतरी यायला लागलं. मुलीची उंची विचारली. आम्ही रिद्धीला दाराला टेकून उभं केलं, मोजलं, कळवलं. चार दिवसांनी भिंतीवर टांगलेल्या तीन जाड कोटांचा फोटो आला, एक मोठा, एक मधला, एक लहान पिवळा. पलीकडच्या बाजूला ह्यू नावाचे एक गवंडी राहतात, त्यांची मुलगी मोठी झाली म्हणून तिचा पलंग त्यांनी वरच्या खोलीत आणून लावला, त्याचाही फोटो आला. पलंगाशेजारी ह्यू उभे, हात मागे बांधून, लग्नातल्या फोटोसारखे. तुम्ही काय खाता असं विचारलं. भात, असं कळवलं. तेव्हा त्यांनी लिहिलं की इथे आमच्याकडे भात म्हणजे दूध घालून केलेला गोड भात, तो चालेल का? वहिनी म्हणाली, खीर म्हणा की मग. आणि तेव्हापासून वहिनीला मेगनबाई आपल्यातल्या वाटायला लागल्या.

प्रमोद बॅगा भरायचा, तोलायचा, रिकाम्या करायचा. वाळवलेली अंबाडीची भाजी, लाल मिरच्या, घरचा बारीक तांदूळ. रिद्धी अंगणात उड्या मारत विचारायची की बर्फ पडेल का. दिवस छान होते. हे मुद्दाम सांगते, कारण त्याच छान दिवसांत मी एक गोष्ट बोलून गेले होते, आणि ती मला कळायलाही उशीर झाला.

बाबांचं आणि रिद्धीचं फार जमायचं. ती त्यांना आबाजी म्हणते. बाबा तिला खांद्यावर घेऊन बांधीवर न्यायचे आणि अखंड बोलायचे. बोलणं अर्थात इथलं. "मले सांग, हे कोणतं पाखरू हाये? तुले नाई मालूम? काऊन नाई मालूम?" रिद्धीही तसंच बोलायला लागली होती. एका संध्याकाळी मी तिची इंग्रजीची उजळणी घेत होते. ती मधेच वैतागून म्हणाली, मी नाई करून राह्यली, मले झोप येऊन राह्यली. आणि माझ्या डोक्यात काहीतरी चढलं.

पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात मी गेले तेव्हा मी अठराची होते. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात कोणीतरी विचारलं, काय करतेस? मी म्हणाले, कपडे धुऊन राह्यली. खोलीभर हशा झाला. वाईट मुली नव्हत्या त्या. पुढे माझ्या मैत्रिणी झाल्या. पण तीन वर्षं त्या मला 'राह्यली' म्हणूनच हाक मारायच्या. मी गप्प राहून ऐकायला शिकले, त्या बोलतात तसं बोलायला शिकले, आणि सुट्टीत घरी आले तेव्हा मला, तुला, नाही, असं सगळं स्पष्ट बोलायला लागले. आई कौतुकाने म्हणाली होती, पोरगी रेडिओवानी बोलते. मला ते आवडलं होतं.

तर त्या संध्याकाळी मी बाबांना म्हणाले की बाबा, रिद्धीशी जरा शुद्ध बोलत जा. तिला तिकडे इंग्रजी शाळेत जायचंय, मराठी तरी धड राहू दे, तुमचं ऐकून तिची जीभ बिघडते. रागाने म्हणाले नाही. घाईत म्हणाले, हातात कागद होते. बाबा ओसरीवर दोरी वळत होते. ते बरं म्हणाले आणि दोरी वळत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते रिद्धीशी बोलेनासे झाले.

रुसले वगैरे नव्हते. तिला खांद्यावर घ्यायचे, बोरं आणून द्यायचे, तिच्या ताटात भाजी वाढायचे. पण मुक्याने. ती काही विचारायची, ते मान हलवायचे. ती धुऱ्यावरून हाक मारायची, ते हात वर करायचे. मला हे आठ दिवस कळलंच नाही. प्रमोदने दाखवून दिलं. एका दुपारी आम्ही दोघं जेवत होतो, तेव्हा तो म्हणाला, तुझे बाबा पोरीशी बोलत नाहीत हे तू पाहिलंस का? मी म्हटलं, आपण जाणार म्हणून मन उठवत असतील. प्रमोदने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तो आपलं ताट उचलून गेला.

मग मी लक्ष ठेवायला लागले. एकदा मी आडून पाहिलं. बाबा पुंजण्याशी बसले होते, म्हणजे कापलेल्या धानाचा जो उंच ढीग रचतात त्याच्या सावलीला. रिद्धीने एक हिरवा किडा मुठीत धरून आणला आणि विचारलं, आबाजी, हा काय हाये? बाबांच्या ओठांची हालचाल मला दिसली. नाव तोंडाशी आलं होतं. मग त्यांनी ते आत घेतलं आणि थांबत थांबत, मराठीच्या पुस्तकातल्या धड्यासारखं म्हणाले, "हा... किडा... आहे." 'आहे'वर एवढा जोर, की रिद्धी हसली. तिला वाटलं आबाजी गंमत करताहेत. बाबाही हसले. मी तिथून परत फिरले. त्यांना तसं बोलता येत नव्हतं, म्हणून ते गप्प होते. एवढीच गोष्ट होती. शहात्तर वर्षांच्या माणसाला मी त्याच्याच घरात, त्याच्याच नातीसमोर मुकं केलं होतं.

तरी मी लगेच जाऊन काही बोलले नाही. माफी मागायची तर आधी ती गोष्ट पुन्हा तोंडाने म्हणावी लागणार होती, आणि ती म्हणायची मला लाज वाटत होती. जायला तीन आठवडे उरले होते.

त्या रविवारी मेगनबाईंचा व्हिडिओ कॉल ठरला होता. त्यांची सकाळ, आमची दुपारची चारची वेळ. घरात नेटवर्क येत नाही, म्हणून आम्ही सगळे शेताच्या वरच्या धुऱ्यावर गेलो. दिलीपने फोन पुंजण्यात खोचून उभा केला. मेगनबाई स्वयंपाकघरात होत्या, हातात मोठा कप. आधी प्रमोदशी बोलल्या, मग मला इस्पितळाची बस कुठून मिळते ते सांगितलं. मग रिद्धीला म्हणाल्या, तुला शाळेत आमची भाषा शिकवतील, इंग्रजी नाही, आमची स्वतःची, वेल्श. आता आपण दहापर्यंत मोजू.

मला तेव्हाच कळलं की त्या गावातली लोकं आपापसात इंग्रजी बोलतच नाहीत. शाळाही त्यांच्याच भाषेतली.

मेगनबाई बोटं दाखवत म्हणू लागल्या. ईन, दाय, त्री. रिद्धी मागून म्हणत होती. त्री म्हणजे तीन हे तिला लगेच कळलं. पेद्वार, पिम्प, ख्वेख. ख्वेखला सगळे हसले. सैथ. दिलीप म्हणाला, सात दिसते हे. उइथ. मग त्या म्हणाल्या, नाउ.

बाबा मागे तणसाच्या पेंढ्यावर बसले होते, कोणाला दिसणार नाहीत असे. तिथूनच त्यांचा आवाज आला. "नऊ तर आपलंच हाये."

मेगनबाईंनी विचारलं, कोण बोललं? मी म्हटलं, माझे वडील. त्यांनी बाबांना पुढे बोलावलं. बाबा उठले, टोपी नीट केली, फोनसमोर येऊन हात जोडले. मेगनबाईंनीही कप ठेवून हात जोडले. मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या वडिलांना इंग्रजी येतं का? नाही, मी म्हटलं. मग नातीशी ते कोणत्या भाषेत बोलतात?

विचारलं ते अगदी सहज. मी म्हटलं, मराठी. मग म्हटलं, म्हणजे इथली मराठी, खेड्यातली. आणि का कोण जाणे, पुढे असंही म्हणाले की आता तिकडे जायचं म्हणून ते तिच्याशी कमी बोलतात.

मेगनबाईंनी खुर्ची फोनजवळ ओढली. मग म्हणाल्या, मी सांगते ते वडिलांना सांगशील? त्यांनी सांगितलं आणि मी तुकड्या तुकड्यांनी बाबांना सांगत गेले. मेगनबाईंचा, आईकडचा आजा लहान होता तेव्हा शाळेत घरच्या भाषेत बोललं की मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला छड्या. त्या आज्याने पुढे आपल्या मुलांशी घरातसुद्धा इंग्रजीच बोलायचं ठरवलं, त्यांच्या भल्यासाठी. पण इंग्रजी त्याला फारसं येत नव्हतं. म्हणून मुलांशी त्याचं बोलणंच झालं नाही. मेगनबाईंच्या आईला आपल्या बापाचा आवाज फारसा आठवत नव्हता. ती भाषा तिने मोठेपणी शेजारणींकडून पुन्हा गोळा केली.

हे सगळं माझ्या तोंडून जात होतं, माझ्या शुद्ध मराठीत, माझ्या बाबांच्या कानात. बाबा फोनकडे पाहत होते. माझ्याकडे नव्हते, ही त्यांची कृपा. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता? आता नाई ना मारत?"

मी विचारलं. मेगनबाई हसल्या. नाही, आता त्याच शाळेत तीच भाषा शिकवतात, आणि तुमची नात ती शिकेल. तिच्या डोक्यात जागा खूप आहे, त्यात तुमचीही ठेवा.

फोन बंद झाला. वहिनी आणि दिलीप बैल सोडायला गेले, प्रमोद रिद्धीला घेऊन बोडीकडे, शेतातल्या छोट्या तळ्याकडे गेला. बहुतेक मुद्दामच. धुऱ्यावर मी आणि बाबा राहिलो. ऊन उतरलं होतं, दूरच्या बांधीत कापणीवाल्या बायका वाघाच्या भीतीने एकत्र होऊन गावाकडे निघाल्या होत्या, त्यांचं बोलणं वाऱ्यावर येत होतं. मी बाबांना म्हणाले की मी चुकले. तेवढंच जमलं.

बाबांनी तणसाची एक काडी मोडली. मग म्हणाले, "तू नाई चुकली, माय. मले बी तसंच वाटलं. वाटलं, माह्या बोलण्यानं पोट्टीले तिकडे कोणी हासलं तर. तुले हासले होते ना पुण्याले."

मी कधीच सांगितलं नव्हतं त्यांना. आईलाही नाही. पण पहिल्या दिवाळीला मी घरी आले आणि बोलणं बदललेलं पाहिलं, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. वीस वर्षं ते हे माहीत असून माझ्याशी बोलत आले होते, आपल्याच बोलीत, मी उत्तर दुसऱ्या बोलीत देत असताना. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोरी वळून वळून तळवा लाकडासारखा झालेला. आम्ही अंधार पडायच्या आत घरी आलो.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत बाबा जे बोलले त्याला मोजमाप नाही. साठलेलं सगळं बाहेर येत होतं. रिद्धीला घेऊन ते सकाळीच निघायचे. कोणत्या बांधीत पाणी टिकतं, कोणत्या नाही. उभ्या धानात लाखोळीचं कडधान्य कसं पेरतात. बगळा आणि करकोचा कसा ओळखायचा. रानडुक्कर आलं तर काय ओरडायचं. त्या हिरव्या किड्याचं नावही तिला मिळालं, आणि ते ती मला सांगायला धावत आली, तेव्हा मला आठवलं की हे नाव मला माहीत होतं, आणि मी ते कधी टाकून दिलं तेही कळलं नव्हतं. मळणीचं यंत्र आलं त्या दिवशी नवीन धान पायलीने मोजायला बाबांनी तिला बसवलं. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हे शिकवलं. ती मोठ्याने म्हणायची, लाभ, दोन, तीन. सगळ्यांच्या अंगावर कुसाची खाज, केसांत भुसा, आणि ती मधे बसून ओरडते आहे.

निघायच्या दिवशी बाबा नागपूरपर्यंत आले नाहीत. चामोर्शीच्या स्टँडवरूनच परतले. रडारड झाली नाही. त्यांनी रिद्धीला सांगितलं की दर इतवारी फोन करायचा, आणि मला सांगितलं की त्या बाईले आपला नमस्कार सांगजो. गाडी सुटली तेव्हा ते पाठमोरे होऊन चहाच्या टपरीकडे चालत गेले होते. दिवस कामाचे होते.

तिकडचं फार सांगत नाही. आम्ही उतरलो तेव्हा दुपारी चार वाजता अंधार होता आणि पाऊस तिरका पडत होता. मेगनबाई दारात उभ्या होत्या. घर गरम होतं. पिवळा कोट रिद्धीला एक बोट मोठा झाला, तो पुढच्या वर्षी बरोबर बसला. पहिले काही महिने मला कठीण गेले, लोक भरभर बोलायचे, मी थकून घरी यायचे आणि कोणाशी एक शब्द बोलावासा वाटायचा नाही. तेव्हा कितीतरी वेळा भिंतीवर टकटक व्हायची. आमची भिंत त्यांची आणि त्यांची आमची. म्हणजे चहाला या. प्रमोदला तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. शाळा सुटली की तो भांडी आवरून येईपर्यंत रिद्धी मेगनबाईंकडे बसते. दोघी काय बोलतात मला कळत नाही, कारण रिद्धी आता वेल्श इतकं भरभर बोलते की मी दारात उभी राहून नुसती ऐकते.

यंदा तिला शाळा, प्रमोदला काम, म्हणून मी एकटीच आले. परवा त्या रिकाम्या घरात चहा पिऊन मीही विळा घेतला आणि शेतावर गेले. काही येत नाही, वहिनी हसते, पण जाते. एका बाईने धुऱ्यावरून विचारलं, केव्हा आली वं? मी म्हटलं, काल आली, आता तीन हप्ते राहून राह्यली. ती पुढे निघून गेली. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

काल इतवार होता. चार वाजता बाबा स्वतःच फोन घेऊन वरच्या धुऱ्यावर गेले, मी मागे. आता त्यांना सगळं येतं, बटण कुठलं, आवाज कसा वाढवायचा. पडद्यावर रिद्धी आली, समोरचे दोन दात नवे, केस आखूड कापलेले. आबाजींशी तिचं दहा मिनिटं चाललं. मग ती म्हणाली, थांबा, मेगनले बोलायचं हाये.

मेगनबाईंचा चेहरा आला. थोड्या वाळल्या आहेत, गेल्या थंडीत आजारी होत्या. त्यांनी चष्मा नीट केला. बाजूला रिद्धी काहीतरी कुजबुजत होती, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं, आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाल्या, "आबाजी, यंदा धान कसा हाये?"

मी चमकून पडद्याकडे पाहिलं. पण बाबांना त्यात आश्चर्य वाटल्यासारखं काही दिसलं नाही. शेजारणीने कुंपणावरून विचारावं आणि आपण सांगावं, तसे ते मांडी घालून बसले.

"आता काय सांगू बाई तुमाले," त्यांनी सुरुवात केली. रोवणीच्या वेळी पाणी उशिरा आलं ते सांगितलं. मग मधे इतकं आलं की खालची बांधी आठ दिवस बुडाली. मग तुडतुडा पडला, फवारा मारला, तरी वरच्या तुकड्यातला थोडा गेलाच. पण जो उरला तो भरला आहे, लोंबी वाकली आहे, दाणा टणक आहे. त्यांनी एक लोंबी तोडून फोनपुढे धरली. दिलीपच्या मोठ्या बैलाचा पाय दुखतो तेही सांगितलं. मेगनबाई कप हातात घेऊन ऐकत होत्या आणि जिथे वाटेल तिथे मान हलवत होत्या.

मी पुढे सरकून इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. बाबांनी न वळता हात आडवा केला.

"तू थांब जराशी," ते म्हणाले. "त्याईले समजून राह्यलं."

मग पुन्हा फोनकडे वळून बैलाच्या पायाला कोणता पाला बांधला ते सांगू लागले.